सावली मोजणाऱ्या बाई

मे महिन्यात नागपूरला दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी विचार करतं. आमच्या बाई नेमक्या त्याच वेळी घराबाहेर पडायच्या. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, एका हातात थर्मामीटर आणि दुसऱ्या हातात काळी छत्री. ही छत्री त्यांच्या डोक्यावर कधीच नसायची. ती थर्मामीटरवर धरलेली असायची. स्वतः उन्हात आणि काचेची नळी सावलीत, असं ते ध्यान रस्त्याच्या कडेला बराच वेळ न हलता उभं राहायचं. जाणारे-येणारे सायकलवाले मान वळवून बघायचे. थर्मामीटरवर थेट ऊन पडलं तर तो हवेबद्दल खोटं सांगतो, असं बाईंचं म्हणणं. "आणि तुमच्यावर पडलं तर?" असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "मी काटोलची आहे गा. मले काय होते!"

बाई मुलींच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि ते का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. वर्गात त्यांची भाषा अगदी छापील. वर्गाचं दार ओलांडलं की काटोल सुरू. कॉलेजातल्या मुली त्यांना मॅडम म्हणायच्या, पण शहरभर त्यांचं नाव झालं ते रिक्षेवाल्यांनी ठेवलेलं. घरी जाताना त्या भर उन्हात मध्येच "थांब गा जरासा" म्हणून उतरायच्या, एक आकडा झाडाखाली घ्यायच्या, एक उघड्यावर घ्यायच्या आणि मग पुन्हा बसायच्या. रिक्षेवाला झाडाखाली घाम पुसत वाट बघायचा. त्यातल्याच कोणीतरी त्यांना 'सावलीबाई' म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांच्या पिशवीत उन्हाची लू लागू नये म्हणून एक कांदाही असायचा. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या पिशवीत कांदा बघून मी हसलो, तेव्हा त्या अजिबात ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "याच्यावर कोणी अजून प्रयोग केला नाही. तोवर राहू द्या."

माझी त्यांची ओळख झाली ती आमच्या ऑफिसात. शहराचे नकाशे करणारं ते ऑफिस, सत्तरच्या दशकातले सुरुवातीचे दिवस, आणि मी तिथला ड्राफ्ट्समन. शहराचा नवा आराखडा तयार होत होता. रस्ते कुठून जातील, घरं कुठवर वाढतील, बाजार कुठे येईल, हे सगळं आम्ही मोठमोठ्या कागदांवर काढत होतो. एके दिवशी बाई आल्या, परवानगी घेऊन माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि नकाशावर इतक्या ओणवल्या की मला वाटलं त्या आता त्याचा वास घेणार.

"यात झाडं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"नकाशात झाडं दाखवत नाहीत, बाई."

"काहून?"

"झाड आज आहे, उद्या नाही. जे टिकतं तेच दाखवायचं असतं."

बाईंनी एका खुणेवर बोट ठेवलं. "ही डाकपेटी ना? मागच्या महिन्यात काढून नेली तिथून. तिच्या बाजूचं चिंचेचं झाड माझ्या आजोबानं पाहिलेलं आहे. डाकपेटी तुमच्या कागदावर आहे, चिंच नाही. बरं आहे बाप्पा तुमचं."

शेजारच्या टेबलावरचे दोघे खो-खो हसले. मीही हसलो. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मी सायकल त्या रस्त्याने घातली. डाकपेटी खरंच नव्हती.

पुढच्या रविवारपासून मी बाईंच्या तावडीत सापडलो. त्यांना शहराचा एक वेगळा नकाशा हवा होता, आणि नकाशा काढणारा मनुष्य त्यांनी हेरून ठेवला होता. माझी बायको आधी फार चिडली. मग एका रविवारी बाई संत्र्यांची करंडी घेऊन घरी आल्या. काटोलला त्यांच्या भावाची बाग होती. बायकोच्या हातात करंडी देत त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या नवऱ्याले मी फक्त सकाळचा नेते वं. दुपारचा तुले वापस." त्यानंतर रविवारी सकाळी माझा डबा बायको न सांगता भरायला लागली, आणि त्यात बाईंसाठी जास्तीची पोळी असायची.

त्यांच्या संशोधनाचं नाव कागदावर चांगलं दोन ओळींचं होतं. सोप्या भाषेत ते असं होतं की शहरातली झाडं, नाले, तळी, बागा आणि पडीक गवत ही शोभेची वस्तू नाही. पाण्याचा नळ, गटार, विजेचा खांब यांच्यासारखी तीही शहराची कामाची व्यवस्था आहे, आणि ती तुकड्यातुकड्यांत तोडली की चालत नाही. बाई हे याहून सोपं करून सांगायच्या. "शहराले पाण्याची लाइन लागते, विजेची लाइन लागते, तशी सावलीची लाइन लागते. मधात कापली का पुढं येत नाही." एकदा एका परिषदेत त्यांनी हे सगळं इंग्रजीतून, आकड्यांसकट मांडलं. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. बाईंचं वाचून झाल्यावर एक इंजिनिअर उठले आणि त्यांनी विचारलं की झाडांची पानं गटारात पडून गटार तुंबतं, त्यावर संशोधन झालं आहे का. बाहेर आल्यावर बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "या इंजिनिअरच्या घरी लहान लेकरू झालं तर हे विचारतीन, नाक गळते त्यावर उपाय काय."

प्रत्येक झाडाखाली थांबून बाई एकच प्रश्न विचारायच्या. झाडाची जात त्यांना लांबूनच कळायची, ती काही त्या विचारत नसत. त्या विचारायच्या, "याच्याखाली कोण बसते?" मग आमच्या नकाशावर झाडाच्या गोलापाशी बारीक अक्षरात लिहिलं जायचं: न्हावी, सायकल दुरुस्ती, भाजीवाली, दुपारी शाळेची मुलं. मी एकदा कुरकुर केली की बाई, हा नकाशा आहे की जनगणना. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने पुढचं अक्षर काढलं.

सगळ्यात जास्त रविवार आमचे गेले ते प्रताप नगरच्या पलीकडच्या एका नाल्यावर. तेव्हा तिकडे घरं विरळ होती. नाल्याच्या एका काठाला कडुनिंब, करंज, जांभूळ आणि अर्जुन यांची दाट रांग होती, आणि दुसऱ्या काठाला कौलारू घरांची एक वस्ती होती. बाईंचा सगळा जीव त्या रांगेत होता. शहरभर घेतलेल्या आकड्यांत सगळ्यात थंड आकडा तिथला यायचा. पावसाळ्यात पाणी चढलं की त्या काठावरचं गवत आणि मुळं ते अडवून धरायची, हेही त्यांनी वर्षानुवर्षं जाऊन पाहिलं होतं. नव्या आराखड्यात हा पट्टा हिरवा राखून ठेवावा, एवढंच त्यांना हवं होतं. "शहरानं एक लाइन कबूल केली ना, तर मंग बाकीच्या मागता येतीन," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या दहा-बारा वर्षांच्या तंगडतोडीचं सार एवढ्या एका मागणीत होतं.

वस्तीतल्या सिंधूबाईंची ओळख तिथेच झाली. त्यांचा नवरा मिलमध्ये कामाला होता. ऊन चढलं की वस्तीतल्या बायका निवडणं-टिपणं घेऊन नाल्यापलीकडच्या निंबाखाली येऊन बसायच्या, आणि आमच्या बाई छत्री घेऊन उभ्या दिसल्या की सिंधूबाई लांबूनच ओरडायच्या, "काय म्हन्ते बाई, आज नाल्याले ताप किती?" बायका हसायच्या. बाई गंभीरपणे थर्मामीटर डोळ्यांपाशी धरून सांगायच्या, "उतरला वं. काळजी करू नोको." मग सिंधूबाईंच्या घरून पाण्याचा तांब्या यायचा. त्या घराचं दार सिंधूबाई फार अपूर्वाईने दाखवायच्या. त्यांच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतल्यावर गाव सोडलं आणि इथे येऊन हे घर बांधलं. "गावात आमचं घर वेशीच्या बाहेर. कुलूप लावाव असं दार नव्हतं," त्या सांगायच्या. "इथं मामंजीनं पह्यल्यांदा कुलूप आणलं. चोरण्यासारखं काही नव्हतं घरात, तरी रोज लावत जात." बाईंनी हे ऐकल्यावर आमच्या नकाशावर त्या काठाची घरंही एकेक करून काढायला लावली. तोवर ऑफिसच्या नकाशात तिथे नुसतं 'झोपड्या' असं लिहिलेलं होतं.

आमचा नकाशा पुरा झाला, तो बाईंनी रीतसर ऑफिसला दिला. आमच्या मोठ्या साहेबांनी तो भिंतीवर लावून घेतला आणि मनापासून कौतुक केलं. आम्ही दोघंही त्या दिवशी हवेत होतो. बाईंनी मला रामदासपेठेतल्या एका हॉटेलात तर्री-पोहे खाऊ घातले आणि स्वतः इतके तिखट खाल्ले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या पाण्याला दुसरंही कारण असावं. बाईंना मी इतकं खूश त्यानंतर कधी पाहिलं नाही.

काही महिन्यांनी आराखडा लोकांसमोर ठेवला गेला. त्यात नाल्याकाठच्या त्या रांगेवरून एक रुंद रस्ता गेला होता. बाईंनी हरकत दाखल केली. वस्तीच्या लोकांनीही अर्ज दिला, कारण रस्ता झाडांकडून आपल्या बाजूला सरकेल अशी त्यांना धास्ती होती. सुनावणी आमच्याच ऑफिसच्या हॉलमध्ये झाली. मी नकाशे उलगडून धरायला हजर होतो. समोर बाई एकट्या खुर्चीवर, मागच्या बाकांवर वस्तीची माणसं, आणि त्यांत सिंधूबाई.

साहेब काही वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या आमच्याच नकाशापाशी गेले आणि म्हणाले, "बाई, खरं सांगू का, तुमच्या या नकाशामुळेच आमचं काम सोपं झालं. आम्हाला कुठे मोकळी जागा आहे हेच नीट माहीत नव्हतं. झाडं आहेत, म्हणजे तिथे घरं नाहीत. घर न पाडता रस्ता कुठून काढता येईल, ते यात लख्ख दिसतं."

मी बाईंकडे बघू शकलो नाही. आम्ही रविवारच्या रविवार उन्हातान्हात फिरून ज्या झाडांना कागदावर जागा मिळवून दिली, ती त्यांना मोकळी जागा दिसली होती. झाड दाखवलं की झाड वाचेल, असं आम्हा दोघांना वाटलं होतं. इतकं शिकून-सवरून आम्हाला इतकं साधं कळलं नव्हतं.

साहेब पुढे म्हणाले, "रस्ता तर होणार. दोन्ही टोकांना मंजूर झालेला आहे. तुमचा पट्टा सोडायचा तर तो नाल्याच्या दुसऱ्या काठाने न्यावा लागेल. त्या काठाला ही मंडळी आहेत. तुम्ही इतकी वर्षं तिथे फिरता, तुम्हीच सांगा."

सिंधूबाई मागून उभ्या राहिल्या. "साहेब, झाडाईशी आमचं काही भांडन नाही जी. आमीच त्याच्याखाली बसतो. घरंबी नका पाडू आन् झाडंबी नका तोडू."

"मधून जायला जागा नाही हो, बाई," साहेब म्हणाले. त्यांचाही आवाज उतरला होता.

आमच्या बाईंनी पाणी मागितलं. ते सगळं सावकाश प्यायल्या. पेला टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाल्या, "लिहा. हरकत मागे घेतली."

"विचार करून सांगा," साहेब म्हणाले.

"यात विचार काय करायचा?" बाई म्हणाल्या. मग त्या हॉलमध्ये, इतक्या लोकांसमोर, त्यांची छापील भाषा सुटली. "घरं पाडून सावली कोणाले देऊ मी?"

त्या ताठ चालत बाहेर गेल्या. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर त्या बसल्या. मी शेजारी बसलो. ऑफिसातले शिपाई, अर्जदार आमच्या बाजूने खालीवर करत होते. बाई तोंडाला पदर लावून लहान मुलीसारख्या रडल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "नकाशेवाले, मी झाडं नाही देल्ली गा. मी घरं ठेवली. समजलं ना तुमाले?" मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, "समजलं ना?" मी पुन्हा हो म्हणालो.

झाडं पडली ती दिवाळीनंतर. बाई त्या दिवशी कॉलेजात नेहमीप्रमाणे तास घेत होत्या, असं नंतर कळलं. पुढच्या उन्हाळ्यात मात्र त्या छत्री आणि थर्मामीटर घेऊन पुन्हा त्या काठावर गेल्या. मला बरोबर घेतलं. नवा डांबरी रस्ता तापून बुटाला चिकटत होता. ज्या ज्या ठिकाणी त्यांनी आधी आकडे घेतले होते, तिथे तिथे त्या तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आधीचे आणि आताचे आकडे शेजारी ठेवून ऑफिसला दाखवायचे असतील. मी तसं विचारलंही. बाई म्हणाल्या, "कायचे आकडे गा. मयताच्या घरी जा लागते ना, तशी आली." पलीकडच्या दारातून सिंधूबाई आल्या, पाण्याचा तांब्या घेऊन. ताप किती, असं त्या दिवशी कोणी विचारलं नाही. बाईंनी वस्तीकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरासा सैल झाला. घरं सगळी जागेवर होती. कोणाच्या दारात लेकरू खेळत होतं, कोणी कौलं शाकारत होतं. त्यांच्याकडे आता तेवढंच होतं, आणि त्यावर त्या पुढची वर्षं जगल्या, असं माझं मत आहे.

नवीन संशोधन त्यांनी हाती घेतलं नाही. शिकवत राहिल्या, संत्री पाठवत राहिल्या, माझ्या मुलीला झाडं ओळखायला शिकवत राहिल्या. भेटल्या की विषय कुठलाही असो, जाता जाता विचारायच्या, "वस्ती ठीक आहे ना?" मी म्हणायचो, ठीक आहे. ती होतीही ठीक.

मग ऐंशीनंतर कधीतरी त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. बाईंनी ते अंगावर काढलं होतं, त्यामुळे कळलं तेव्हा फार उशीर झालेला होता. भावाने त्यांना रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं. आणि त्याच सुमारास आमच्या ऑफिसात तो रस्ता रुंद करायचा कागद आला. वाहनं वाढली होती. एका बाजूला नाला होता, नाल्यावर स्लॅब घालायचा होता, आणि वस्ती त्या रुंदीत येत होती. या वेळी कोणाला काही निवडायला सांगितलं नाही. नोटिसा गेल्या.

एके दुपारी मी दवाखान्यात गेलो, तर जिन्यातच सिंधूबाई भेटल्या. केस पिकले होते. नवरा गेला होता. हातात लिंबाच्या सरबताची बाटली होती, फडक्यात गुंडाळलेली. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "भाऊ, नोटीस आली आमाले. तुमाले तं माहीतच असन."

मी मान हलवली.

"बाईले काही सांगू नोका."

आम्ही दोघं आत गेलो. बाई खाटेवर इतक्या लहान दिसत होत्या की चादरीखाली कोणी आहे की नाही असं वाटावं. सिंधूबाईंना बघून त्यांचे डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झाला होता. पहिला प्रश्न तोच होता.

"कशी आहे वं वस्ती?"

"आहे ना जी," सिंधूबाई म्हणाल्या. "कुठं जाते? सारी जागेवर आहे." त्या खाटेच्या कडेला बसल्या, बाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि सांगायला लागल्या. दाराला यंदा निळा रंग दिला. मागच्या अंगाला सुनेसाठी एक खोली काढली, तिच्यावर पत्रे नाही, कौलंच टाकली. शेजारच्या घरी नातू झाला. पावसाळ्याच्या आधी ओटा पक्का करून घेणार. एकेक घर त्यांनी नाव घेऊन सांगितलं, आणि कुठे अडखळल्या नाहीत. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. त्यातली भिंतन् भिंत पडणार होती, हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं. "तुमच्यानं आहे बाई हे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्यानं घर आहे आमचं."

बाईंनी डोळे मिटले. "मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मंग ठीक झालं." त्यांना लगेच झोप लागली. मी त्यांना जागेपणी पाहिलं ते शेवटचं. त्याच आठवड्यात बाई गेल्या.

बाईंना झोप लागल्यावर त्या दुपारी सिंधूबाई बाहेर व्हरांड्यात आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या रडतील. मला स्वतःला रडू आवरत नव्हतं. त्यांनी बाटलीवरचं फडकं काढून त्याची घडी केली, पुन्हा केली, आणि मग विचारलं, "भाऊ, शहराच्या भाईर जागा देऊन राहिले ना आमाले. तुमी पाह्यली असन कागदावर. तथी एखांदं झाड आहे काय?"

त्या जागेचा कागद मीच काढला होता. मी नाही म्हणालो.